सेउलीचे छत्तीस महिने

सार्जंट पेनिएली सेउली याने अमेरिकन लष्करातल्या बावीस वर्षांच्या नोकरीत एकही वस्तू हरवली नाही, ही त्याच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक. हे ऐकून तुम्हाला वाटेल, सांगणाऱ्याचं डोकं फिरलंय. तर वहियावा गावात जाऊन कुणालाही विचारा. फक्त त्याच्या बायकोला, मासिनाला, विचारू नका. ती नुसती हसेल, आणि ते हसणं बघवत नाही.

पेनी म्हणजे पलटणीच्या स्टोअरचा सार्जंट. बंदुका त्याने फारशा चालवल्या नसतील, पण मोजल्या मात्र हजारो. तंबू, स्टोव्ह, दोरखंड, पाण्याचे कॅन, फावडी, सगळं त्याच्या ताब्यात. काही मागायला आलेल्याला त्याचं पहिलं उत्तर 'नाही', दुसरं 'कशाला?' आणि तिसरं, फारच नाइलाज झाला तर, 'सही कर'. दिलेली वस्तू परत येत नाही आणि आलीच तर धड येत नाही, हे त्याचं तत्त्वज्ञान. सैन्य हे लढण्यासाठी नसून स्टोअर भरलेलं राहावं म्हणून आहे, असं तो उघड म्हणत नसे इतकंच.

घरातही तोच खाक्या. नवे टॉवेल कपाटात, विरलेले वापरात. लग्नात आलेला कपांचा सेट अजून खोक्यात. पेनी सामोअन, आणि सामोअन माणसाच्या घरी बारीक विणीच्या चटया असतात त्या कुणाच्या मयताला, कुणाच्या लग्नाला सढळ हाताने द्यायच्या असतात. पण नातेवाइकांत कुणी गेलं की पेनी गादीखालच्या चटया काढून त्यातली तिसऱ्या नंबरची कोणती, यावर अर्धा तास विचार करायचा. मासिना म्हणायची, "अरे, मेलेला माणूस वाट बघतोय!"

आणि या सगळ्या ठेवीतली सगळ्यात मोलाची ठेव म्हणजे छत्तीस महिने.

नोकरीच्या बदल्यात लष्कर तुमची कॉलेजची फी भरतं. छत्तीस महिन्यांची. स्वतः शिका, नाहीतर बायकोला द्या, मुलांना द्या. बाकीच्या सार्जंटांनी ते कधीच उडवले होते. कुणी हॉटेल चालवायला शिकला, कुणी अर्ध्यातून पळाला. पेनीने एक दिवससुद्धा खर्च केला नव्हता. ते त्याने मासिनासाठी राखून ठेवले होते, आणि हे अगदी खरं आहे. त्याच्या मनात खोट नव्हती. खोट असती तर निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या.

कारण मासिनाला नर्स व्हायचं होतं. एकोणीस वर्षं ती बदली होईल तिथल्या वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून राबत होती. म्हाताऱ्यांना उठवायचं, पुसायचं, भरवायचं, रात्री ते कुणाच्या नावाने हाका मारतात ते लक्षात ठेवायचं. नर्सचं सगळं काम, फक्त नाव आणि पगार सोडून. तीन राज्यांत तिने तीनदा नर्सिंगची तयारी सुरू केली आणि तिन्ही वेळा पेनीच्या बदलीचा हुकूम आला. एका राज्यातले विषय दुसऱ्या राज्याला चालत नाहीत. माणसाचं शरीर सगळीकडे तेच, पण राज्य बदललं की हाडं पुन्हा मोजावी लागतात. दोनशे सहा हाडं मासिनाने तीनदा पाठ केली होती.

आता मात्र योग जुळून आला. पेनी जुलैअखेर निवृत्त होणार. घर वहियावात, बदलीची भीती संपलेली. मासिनाने एक्केचाळिसाव्या वर्षी प्रवेशपरीक्षा दिली आणि कॉलेजच्या बत्तीस जागांपैकी एक तिला मिळाली. वर्ग ऑगस्टमध्ये सुरू.

झालं! पेनीला भाषणाची उबळ आली. रविवारी चर्च सुटल्यावर सगळ्या मंडळींचं जेवण त्याच्या अंगणात. अख्खं डुक्कर भाजलेलं, नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं, परातभर मॅकरोनी. पांढरा कोट, पांढरी लुंगी अशा थाटात पेनी उभा राहिला आणि चाळीस मिनिटं बोलला. सामोअन माणसाला चाळीस मिनिटं म्हणजे घसा साफ करणं.

"छत्तीस महिने!" शेवटी तो गरजला. "जसे मिळाले तसे. सीलबंद! एकाही दिवसाला हात लावलेला नाही. मासिना, हे सगळे तुझे. या घरात नर्स होणार, हा माझा शब्द. देवासमोर सांगतोय!"

बायका रडल्या. पेनीचे मामा, मोनी अंकल, म्हणजे लष्करातून निवृत्त झालेले, सुभेदार-मेजराच्या तोडीचे, आणि चर्चचे डीकन, पाद्रीबुवांच्या हाताखालचे मानकरी. त्यांनी तिथल्या तिथे डोळे मिटून प्रार्थना केली, "प्रभो, या घरात एक नर्स दे." सगळे आमेन म्हणाले. मासिना ताटावरच रडत बसली. शेजारच्या हिगा आंटी उठल्या. चाळीस वर्षं हॉस्पिटलात हेडनर्स होत्या, चेष्टा नाही. त्यांनी पर्समधून आपलं छातीवर लावायचं उलटं लटकणारं घड्याळ काढलं आणि मासिनाच्या हातात ठेवलं.

"रोज चावी दे," त्या म्हणाल्या. मग पेनीकडे वळल्या. "कागदपत्रं झाली ना रे?"

"आंटी, मी स्टोअरचा माणूस आहे. कागदांचं मला सांगता?"

"स्टोअरचा आहेस म्हणूनच विचारते. तुमच्याकडून काही बाहेर पडलेलं मी तरी पाहिलं नाही."

सगळे हसले. पेनीही हसला. सोमवारी मासिनाने आश्रमात सांगून टाकलं की ऑगस्टपासून फक्त शनिवार-रविवार येईन. वह्या आणल्या. आणि पेनी छाती काढून लष्कराच्या शिक्षण कचेरीत गेला.

तिथे मेडेरोस नावाचे गृहस्थ बसतात. तोंडात कायम सुकवलेल्या खारट आलुबुखाराची बी. ती एका गालातून दुसऱ्या गालात गेली की समजायचं, साहेब विचार करतायत.

"छत्तीस महिने बायकोच्या नावावर करायचेत," पेनी म्हणाला.

"वा, छान. मग इथे सही करा. आणखी चार वर्षांच्या नोकरीची."

"कसली चार वर्षं? मी तीस दिवसांनी निवृत्त होतोय."

बी मधोमध थांबली. "मग नाही होणार."

"ठीक आहे, निवृत्तीनंतर येतो."

"निवृत्तीनंतर तर मुळीच नाही. नोकरीत असतानाच नावावर करायचं आणि पुढे चार वर्षं थांबायचं, असा नियम आहे. गणवेश उतरला की ते महिने फक्त तुमचे. तुम्ही खुशाल शिका. काहीही शिका. पण बायकोला नाही."

पेनीला वाटलं, हा माणूस थट्टा करतोय. "अहो, बावीस वर्षं केलीत मी! त्यातली चार धरा की!"

"धरली असती. दहाव्या वर्षी कॉम्प्युटरवर बायकोच्या नावापुढे नुसता 'एक' आकडा टाकला असता ना, एक महिना, तरी भागलं असतं. चार वर्षं तर तुम्ही आपोआपच केली. आज बाकीचे पस्तीस टाकता आले असते. पैसा लागत नाही. मन बदललं तर परतही घेता येतं."

"हे मला कुणी सांगितलंच नाही."

मेडेरोसनी स्क्रीन फिरवली. बारा वर्षांपूर्वीची कॅन्सासच्या छावणीतली माहितीसभा. हजेरीपट. सतरा नंबरला ठळक, वळणदार सही. पेनिएली सेउली.

"ही तुमचीच ना?"

'सही केलीस ना? मग मिळालं तुला' म्हणून पेनीने आयुष्यभर पोरांची तोंडं बंद केली होती.

आणि खुर्चीत बसल्या बसल्या त्याला कॅन्सासचं स्वयंपाकघर आठवलं. महिने नावावर कसे करायचे ते सांगणारा कागद मासिनानेच आणला होता. फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावला होता. दोनदा त्याच्यासमोर धरलाही होता.

"पेनी, एवढं करून टाक ना."

"घाई काय आहे? आत्ता नावावर केले आणि उद्या काही गरज पडली तर?"

"खर्च नाही करायचे रे. नुसतं नाव लिहायचंय."

"नाव लिहिलं म्हणजे माल निघालाच समज," असं तो म्हणाला होता. म्हणाला होता आणि वर स्वतःच हसला होता. मग एके दिवशी कपडे धुवायचं मशीन डगडगत होतं, म्हणून त्या कागदाची चौपदरी घडी करून त्याने पायाखाली सारली. मशीन डगडगायचं थांबलं. फार चांगली घडी झाली होती.

शिक्षण कचेरीतून तो घरी गेलाच नाही, सरळ मोनी अंकलांकडे गेला. मासिनाला तोंड कसं दाखवायचं? ती वह्यांना कव्हरं घालत बसली असणार.

मोनी अंकलांनी सगळं ऐकलं आणि पहिल्यांदा "गाढवा" म्हणाले. डीकन असल्यामुळे एकदाच. मग म्हणाले, "निवृत्ती मागे घे."

ते पेनीने करून पाहिलं. हुकूम छापून झाला होता, जागेवर नवी माणसं आली होती. कॅप्टनसाहेब त्याच्याहून पंधरा वर्षांनी लहान. ते अगदी हळहळून म्हणाले, "सार्जंट, तुम्ही तर आता आराम करायला हवा." पाद्रीबुवांनी धीराचे चार शब्द सांगितले. धीराला चार शब्द लागतात आणि मासिनाला चार वर्षं, हा हिशेब काही जुळेना. पलटणीतले हवालदार-बिवलदार जो भेटेल तो सल्ला देई. एकाने सांगितलं, गुडघा दुखतोय म्हण, तपासण्या होईपर्यंत ठेवून घेतील. दुसऱ्याने सांगितलं, गुडघा दुखतोय म्हणून चुकूनही म्हणू नकोस, उद्याच काढतील.

शेवटी मोनी अंकलांनाच सुचलं. आवाज खाली आणून ते म्हणाले, "एक वाट आहे. स्टोअरचा ताबा देताना काही कमी निघालं तर स्टोअरवाल्याला सोडत नाहीत. चौकशी होईपर्यंत गणवेशात ठेवतात. दोन-तीन महिने सहज जातात. तेवढ्यात वर अर्ज कर, नवा करार मिळव."

"पण माझ्या स्टोअरात कमी काही निघणारच नाही."

"बावीस वर्षांत काहीतरी हरवलं असेल रे!"

"नाही हो अंकल," पेनी रडकुंडीला येऊन म्हणाला, "नाही ना!"

पण माणूस आशेवर जगतो. ताबा घ्यायला आली होती सार्जंट वोझ्निक. तिशीतली, केस घट्ट बांधलेले, पेन्सिल कानावर. तीन दिवस मोजणी चालली. आणि जगाच्या इतिहासात पहिल्यांदाच एक स्टोअरवाला, आपल्या मालात तूट निघावी म्हणून मनातल्या मनात देवाचा धावा करत उभा होता.

"तंबू, चाळीस."

"चाळीस," वोझ्निक म्हणाली. "बरोबर."

"दोरखंड, साठ. नीट मोजा हं. घाई नको."

"साठ. बरोबर."

"पुन्हा मोजा."

पुन्हाही साठच. कुलपं बरोबर, कंदील बरोबर, पाण्याचे कॅन झाकणांसकट बरोबर. फावडं तर एक जास्तच निघालं! पेनीला ते फावडं घेऊन स्वतःसाठी खड्डा खणावा असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने जे केलं ते मी सांगितलं नसतं, पण आता काय लपवायचं? बावीस वर्षांत न केलेली गोष्ट केली. एक स्टोव्ह उचलला आणि पाण्याच्या टाकीमागे ताडपत्रीखाली ठेवला. चोरला नाही. आवाराच्या आतच होता. तरी त्या दिवशी त्याने भाताचा डबा उघडलाच नाही. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि त्याच वेळी मासिनाच्या कव्हर घातलेल्या वह्या डोळ्यांसमोर आल्या, म्हणून त्याने स्टोव्ह तिथेच राहू दिला.

"स्टोव्ह चोवीस," तिसऱ्या दिवशी वोझ्निक म्हणाली. मोजले. "तेवीस."

पेनी लगबगीने पुढे झाला. "तेवीस? अरेरे. मग लिहा की तेवीस. तूट लिहा."

"तूट?" ती अपमान झाल्यासारखी त्याच्याकडे बघत राहिली. "सार्जंट सेउली, मला इथे पाठवताना सांगितलंय, त्या माणसाच्या वहीत चोवीस असेल तर चोवीसच असणार, आपले डोळे तपास. मी तुमच्या नावाला बट्टा लागू देणार नाही."

"अहो, लागू द्या! काही हरकत नाही!"

पण ती गेली. दोन तास तिने फडताळं हलवली, ट्रक खालून पाहिले, छपरावर चढली. आणि लाल मातीने माखलेल्या गुडघ्यांनी, दोन्ही हातांत स्टोव्ह धरून, धापा टाकत, हसत परत आली. "चोवीस!"

"आभारी आहे," पेनी म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

निरोपसमारंभात त्याला लाकडी पाटी मिळाली. त्यावर सोनेरी अक्षरांत कोरलं होतं, 'बावीस वर्षे. एकही वस्तू गहाळ नाही.' टाळ्या इतक्या वाजल्या की बस. पहिल्या रांगेत मासिना बसली होती. अजून तिला काही माहीत नव्हतं, आणि सगळ्यांत जोरात टाळ्या तीच वाजवत होती.

घरी आल्यावर पायरीवर बुटांच्या नाड्या सोडता सोडता त्याने सांगितलं. सगळं. सही, कागद, स्टोव्हसुद्धा. मासिना शेजारी बसून ऐकत होती. तिने आरडाओरडा करावा, पाटी डोक्यात घालावी, असं त्याला फार वाटत होतं. 'मी तेव्हाच म्हटलं होतं' हे चार शब्द तिने म्हणावेत म्हणून तो खाली मान घालून थांबला. ती ते म्हणाली नाही. आजपर्यंत म्हणालेली नाही.

तिने विचारलं, "तो कागद अजून मशीनखालीच आहे का रे?"

"नाही. ते मशीन कॅन्सासलाच राहिलं."

"बरं," ती म्हणाली आणि आत जाऊन वह्या लेकीच्या, लुसिलाच्या, टेबलावर ठेवून आली.

"मासिना, कर्ज काढू आपण," तो मागून गेला.

"पुढच्या वर्षी लुसिला कॉलेजात जाईल. तिच्यासाठी काढायचंय ते." तिने कॉलेजला फोन करून आपली जागा सोडली. फोनवर ती तीनदा "हरकत नाही" म्हणाली. ती जागा यादीतल्या पुढच्या मुलीला मिळाली. आश्रमातही तिने सांगितलं की पूर्वीसारखी रोज येईन.

पेनी निवृत्त झाला आणि घरातल्या वस्तू मोजत बसू लागला. नवे टॉवेल वापरायला काढले, कपांचा सेट खोक्यातून काढून मांडला. मासिना त्यातून चहा प्यायची आणि कप छान आहेत म्हणायची. मोनी अंकलांनी सुचवलं, छत्तीस महिने वाया घालवू नकोस, हिशेबाचं शिक, तुझा हात आहे त्यात.

तेव्हा मासिना कप खाली ठेवून म्हणाली, "हिशेब नाही. नर्सिंग."

"कुणी?"

"तू."

"मी? मासिना, लुसिलाच्या वेळी मी बाळंतपणाच्या खोलीत चक्कर येऊन पडलो होतो! डॉक्टर तुला सोडून माझ्याकडे धावले होते!"

"आठवतंय मला. पण या घरात नर्स होणार, असा देवासमोर शब्द दिलायस तू. अंकलनी प्रार्थना केली, शंभर माणसांनी आमेन म्हटलं. ते काय आता परत करणार? सही झालीय."

मोनी अंकल छताकडे बघू लागले. हिगा आंटी कुंपणापलीकडून म्हणाल्या, "करेल तो. न करून सांगतो कुणाला!"

अशा रीतीने चव्वेचाळीस वर्षांचा, शंभर किलोचा, सुई पाहून घाम फुटणारा पेनिएली सेउली हाडं पाठ करू लागला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, मासिना कामावरून आली की. तिच्या तीन राज्यांतल्या तीन वह्या होत्याच. ती भाजी चिरता चिरता पुस्तक न बघता विचारायची आणि तो पुस्तक बघूनही चुकायचा. "मनगटाची आठ," ती म्हणायची. "सहाच सापडतायत," तो म्हणायचा. "आठ आहेत, नीट मोज. तूट नाही निघत माणसात." पुढच्या प्रवेशपरीक्षेत बत्तिसाव्या नंबरची, अगदी शेवटची, जागा त्याला मिळाली. फीची एक दमडीही मागितली नाही कुणी. छत्तीस महिन्यांचं सील फुटलं.

पहिल्या सत्रात प्रत्यक्ष कामासाठी विद्यार्थ्यांच्या तुकड्या पाडल्या, तेव्हा पेनीची तुकडी नेमकी मासिनाच्या वृद्धाश्रमात आली. सकाळी तिनेच त्याच्या पांढऱ्या सदऱ्याला इस्त्री केली. निघताना हिगा आंटींचं घड्याळ त्याच्या छातीवर लावलं. त्याला रोज चावी दिलेली होती.

आश्रमात आगबायानी नावाच्या आजोबांच्या खाटेशी पेनीला उभं केलं. आजोबांचं आयुष्य अननसाच्या मळ्यात गेलेलं, आता श्वास लागत होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, घाबरले आणि पलीकडे चादर घडी करणाऱ्या मासिनाकडे हात केला. "हा कोण? नर्सला बोलवा. ती काय तिथे उभी आहे."

"आजोबा, नर्स हे होणार आहेत," मासिना जवळ येऊन म्हणाली. "मी मदतनीस."

"खोटं नको बोलूस, पोरी. एवढी वर्षं मी ओळखतो तुला."

मासिना हसली. पेनीने खाली मान घालून आजोबांचं मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघत नाडी मोजायला लागला. चाळीस तंबू, साठ दोरखंड, चोवीस स्टोव्ह मोजलेला माणूस. पण एकतिसाच्या पुढे त्याचा आकडा चुकला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा चुकला. डोळ्यांत पाणी आलं की काटा दिसत नाही. खाटेच्या दुसऱ्या बाजूला मासिनाने आजोबांचा दुसरा हात हातात घेतला होता, नुसता धीर द्यायला घ्यावा तसा. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ती थोडा वेळ थांबली.

"अठ्ठ्याऐंशी," ती हळूच म्हणाली.

शिक्षिका तक्ता घेऊन आल्या. मासिना चादर उचलून पुढच्या खाटेकडे गेली. पेनीने अठ्ठ्याऐंशी लिहिलं आणि खाली सही केली, कारण तिथे त्याचीच सही चालत होती.